बंब येईपर्यंत

(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला पाककृती, आरोग्य, मुलांचा अभ्यास अशा विषयांवर दरवर्षी कोणीतरी बोलते. यंदा मला बोलायला सांगितले, तेव्हा मी आगीचा विषय घेतला. सणासारख्या दिवशी हा कसला अभद्र विषय, असे काहींना वाटेल. पण रोज गॅसपाशी नि चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या आपण बायकांनी आगीविषयी बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. करमाडला मात्र ती हसण्यासारखी नाही. बंब यायचा तो शहरातून, नाही तर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीकडून. शहर वीसएक किलोमीटर दूर. जालना रस्त्यावरची गर्दी आपण पाहतोच, आणि शेतवस्तीकडे वळायचे तर पाणंदीत चाक रुतते. तोवर कडब्याची गंजी काही थांबत नाही. पऱ्हाट्यांचा ढीग तर रॉकेल ओतल्यासारखा भडकतो. बंबावरची माणसे जिवावर उदार होऊन येतात, त्यांचा यात दोष नाही. अंतराला कोण काय करणार? पण याचा अर्थ एवढाच, की पहिला अर्धा तास गाव एकटे असते.

त्या अर्ध्या तासात आगीकडे धावते कोण? आपलीच अठरा-वीस वर्षांची पोरे. कोणी बोलावत नाही, कोणी पगार देत नाही. धूर दिसला की हातातले ताट टाकून पळतात.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गोठ्याला आग लागली. वीज गेलेली, त्यामुळे बोअरची मोटार बंद. आम्ही बायका हंडे-कळशा घेऊन धावलो. माझा मुलगा आत शिरला आणि त्याने दोन बैलांचे दावे कापले. बैल वाचले. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कोणी म्हणाले हळद लावा, कोणी टूथपेस्ट आणली. डॉक्टरांनी पुढे सांगितले, की भाजल्यावर पहिली वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, बाकी काही लावायचे नाही. एवढी साधी गोष्ट तिथे जमलेल्या पन्नास माणसांत एकालाही ठाऊक नव्हती.

जखम भरल्यावर मुलगा म्हणाला, "आई, आग विझवायचे शिक्षण मिळते म्हणे, मी जाऊ का?" घरात सगळे विरोधात गेले. सासूबाई म्हणाल्या, एकदा हात भाजला तेवढे पुरे. मी आई आहे, माझ्याही पोटात गोळा आला. रात्रभर विचार केला. पोरगा आगीत गेला, तो शिक्षण घेतले होते म्हणून नव्हे. उद्याही धूर दिसला तर तो धावणारच. मग तो आंधळेपणाने धावावा, की शिकून? मी सकाळी हो म्हटले. भगिनींनो, आज मला सांगायचे आहे ते एवढेच. आपली मुले धावणारच आहेत. त्यांना अडवू नका, शिकवून पाठवा.

शिकायचे काय असते, असे कोणी विचारील. आगीला तीन गोष्टी लागतात, जळण, हवा आणि उष्णता. तिन्हींतली एक काढून घ्या, आग मरते. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतायचे नाही, भडका उडतो. गॅस बंद करून वर झाकण सरकवायचे आणि ते निवेपर्यंत काढायचे नाही. विजेच्या आगीत आधी मेन स्विच. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हातही लावायचा नाही; रेग्युलेटर बंद करून दारे उघडायची, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. मग बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवायचे. एक गंजी पेटली तर तिच्यावरच सारे पाणी घालवण्यापेक्षा शेजारच्या गंजीभोवती ट्रॅक्टरने नांगराची तासे मारायची, म्हणजे जमिनीवरचे जळणच तुटते.

आणि धूर. ३ एप्रिल २०२४ ला पहाटे आपल्या शहरात छावणी भागात खालच्या शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसे गेली. ती ज्वाळांनी नव्हे, धुराने गुदमरून गेली. धुरात उभे राहायचे नाही, ओणवे होऊन सरपटत बाहेर पडायचे, हे घरातल्या लेकरालाही ठाऊक हवे.

सगळ्यात अवघड धडा मागे फिरण्याचा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज पेटले. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाला आणि आग विझवणारे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. ती तर शिकलेली, सरावातली माणसे होती. मग आपल्या कोवळ्या पोरांना कुठे थांबायचे, छपराची वासे कधी कोसळतात, सिलिंडर तापला तर किती लांब राहायचे, हे कोणी सांगायला नको का? धाडस मुलांजवळ आहेच, ते शिकवावे लागत नाही. थांबणे शिकवावे लागते.

आता मुलींविषयी. माझी धाकटी मला म्हणाली, "दादा शिकतो, मग मी का नको?" मला उत्तर सुचेना, आणि विचार करता तिचेच खरे वाटले. दिवसा गावात असते कोण? पुरुष शेतात, पोरे शेंद्र्याला पाळीवर. दुपारी दोन वाजता आग लागली तर घरात सापडणार त्या लेकी-सुनाच. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. तिथे २००२ साली हर्षिनी कान्हेकर या नागपूरच्याच मुलीने प्रवेश घेतला. त्याआधी तिथे एकही मुलगी नव्हती. तिने ते शिक्षण पुरे केले आणि देशातली पहिली महिला अग्निशामक म्हणून नाव मिळवले. आपल्या मुलींना नागपूरला जायचे नाही, निदान आपल्या गल्लीपुरते तरी शिकू द्या.

परदेशात हे नवे नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात आग विझवणारे सगळेच बिनपगारी आहेत. त्यांचे पहिले दल वालपराईसो या बंदराच्या गावी १८५१ साली निघाले. जर्मनीत गावोगावी अशी दले असून लहान मुलांचीही पथके असतात. त्यांना सराव देतात, पण आगीच्या तोंडी नेत नाहीत. आपल्या सरकारनेही 'आपदा मित्र' योजनेत ३५० जिल्ह्यांतून एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे ठरवले. १८ ते ४० वर्षांच्या तरुणांना बारा दिवसांचे शिक्षण, त्यात पूर, आग, प्रथमोपचार असे सगळे. पुढे 'युवा आपदा मित्र' आली, ती छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना, स्काउट-गाईड यांतल्या मुलामुलींसाठी. आपली मुले कॉलेजात जातात. तिथे चौकशी करायला पैसे पडत नाहीत.

मंडळाने काय करावे, ते सांगून मी थांबते.

एक, गल्लीगल्लीतून चार मुले आणि चार मुली, अठरा वर्षांवरच्या, अशी नावे आपणच काढू या. अठराच्या आतल्यांनी निरोप द्यायचा, म्हाताऱ्या माणसांना बाहेर आणायचे, जनावरे दूर न्यायची. आगीजवळ जायचे नाही.

दोन, ट्रॅक्टर कोणाकडे, पाण्याचा टँकर कोणाकडे, फवारणीचे पंप, लांब शिडी, जनरेटर कोणाकडे, याची यादी करून १०१ आणि ११२ या क्रमांकांसह ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावू या. मंदिरातल्या आणि मशिदीतल्या भोंग्यांवरून एकाच वेळी हाक गेली, तर सारे गाव जागे होईल. आग काही जात पाहून लागत नाही.

तीन, १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीसाठी सारे गाव एकत्र असतेच. मिरवणुकीआधी सकाळी एक तास शाळेच्या मैदानावर आग विझवण्याचा सराव ठेवू या, आणि शिकवायला अग्निशमन दलाला रीतसर पत्र देऊन बोलावू या.

चार, संक्रांतीच्या वाणात आपण दरवर्षी स्टीलच्या वाट्या नि प्लॅस्टिकचे डबे लुटतो. प्रत्येकीच्या घरात ते ढिगाने पडले आहेत. एक वर्ष वाण नको. त्या पैशांत आयएसआय शिक्क्याची आग विझवण्याची नळकांडी, वाळूच्या बादल्या आणि पोरांसाठी जाड हातमोजे व बूट घेऊ या. सौभाग्याचे वाण म्हणतो ना आपण? लेकरे धडधाकट घरी परत येणे, याहून मोठे सौभाग्य मला तरी ठाऊक नाही.

वर्गणीची वही मी बरोबर आणली आहे. पहिले नाव माझे आहे. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी ती तुमच्यापुढे येईल. पैशांइतकेच मुलामुलींचे नावही त्यात लिहावे, अशी विनंती करते आणि आपली रजा घेते.