बदल करावा, पण कोणाला विचारून?

"आमच्या माणसांना नवीन म्हणून काही नकोच असतं!" ही तक्रार आपण कचेरीत ऐकतो, जिनिंगमध्ये ऐकतो आणि सहकारी सोसायटीत तर रोजच ऐकतो. तक्रार करणारा बहुधा खुर्चीवर बसलेला असतो. ज्याच्याविषयी तक्रार, तो कामावर उभा असतो. त्याचं म्हणणं मात्र कोणी ऐकलेलं नसतं.

आपल्या वर्ध्याला या बाबतीत दूर जाण्याचं कारण नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी पाहण्यासारख्या होत्या. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये, चरखा खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावा आणि आठ तास चालवून बाई थकून जाऊ नये. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण या अटी चरखा चालवणाऱ्या बाईच्या बाजूने लिहिल्या होत्या, हे ध्यानात घ्या.

पुढची गोष्ट नालवाडीची. विनोबा १९३२ च्या अखेरीस तिथे राहायला गेले. पुढे त्यांनी ठरवलं की, सूतकताईच्या मजुरीवरच पोट भरायचं. रोज आठ तास ते कातायला बसत. इतकं करून पदरात पडत दोन-सव्वादोन आणे! कातणारीने मन लावून काम करावं असा उपदेश सोपा होता; पण मन लावूनही पोट भरत नाही, हे बसल्याशिवाय कळलं नसतं. १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी मिळावी, हे तत्त्व मान्य केलं. चांगल्या सुताचा आग्रह धरायचा, तर आधी मजुरीचा हिशेब नीट हवा.

आता माझीच एक फजिती सांगतो. एका ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीची वही बंद करून संगणक आणायचं आम्ही ठरवलं. ठरवणाऱ्यांत मीही होतो. दोन महिन्यांनी पाहतो तो काय, तिथले जुने कारकून टेबलाखाली वही ठेवून गुपचूप लिहिताहेत! मी जरा रागानेच विचारलं. ते म्हणाले, "सर, उन्हाळ्यात दुपारी वीज जाते. पुस्तक हरवलं तर जाब मला द्यावा लागतो. संगणकाला कोण विचारतो?" मी गप्पच झालो. मग वीज नसेल तेवढ्यापुरती वही ठेवायची आणि वीज आली की नोंद चढवायची, असं त्यांच्याच सांगण्यावरून ठरलं. पंधरवड्यात ते स्वतःच इतरांना संगणक शिकवू लागले.

म्हणून आपल्या हाताखाली चार माणसं असतील, तर फर्मान काढण्याआधी एक दिवस त्यांच्या जागी बसून पाहा. या बदलाने त्यांचं काय वाढेल, काय जाईल आणि चूक झाली तर जाब कोणी द्यायचा, हे मोकळेपणी सांगा. त्यांनी सुचवलेलं निदान एक तरी खरोखर अमलात आणा. नुसतं विचारून सोडून दिलं, तर दुसऱ्यांदा कोणी तोंड उघडणार नाही.

आणि एवढं करूनही कोणी 'नको' म्हणालं, तर रागावू नका. त्या 'नको'मध्ये कदाचित आपल्या योजनेतली राहून गेलेली अट दडलेली असेल.