गाडीतले गाणे आणि दोन बॅटऱ्या



मेढ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला निघालो की आपण गाणी ऐकवणारा छोटा प्लेअर गाडीतच चार्जिंगला लावतो. मग शंका येते, यात झीज कोणाची? गाडीच्या बॅटरीची की प्लेअरच्या?

इंजिन चालू असता गाडीच्या बॅटरीची चिंता करावयाचे कारण नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर शेकडो वॅट वीज देतो; प्लेअरला लागतात जेमतेम पाच. इंजिन बंद केल्यावर मात्र हा भार बॅटरीवर येतो. काही गाड्यांत किल्ली काढली तरी सॉकेट चालूच राहतो. भार सुमारे अर्ध्या अँपिअरचा. चांगली बॅटरी तो रात्रभर सहज सोसते. पण बॅटरी जुनी असेल आणि पहाटे आजाऱ्याला साताऱ्यास न्यावयाचे असेल, तर तेवढी तूटही नडते.

शिसे-आम्लाची बॅटरी 1859 साली गॅस्टन प्लांटे यांनी सिद्ध केली. रिकामे राहणे तिला मानवत नाही. 1991 पासून बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीचा वैरी निराळा: उष्णता. उन्हात उभ्या, बंद गाडीत चार्ज होताना ती अकाली म्हातारी होते.

तेव्हा आपण एवढेच पाळू या: इंजिन बंद केले की तार काढावी आणि प्लेअर सावलीत ठेवावा. गाणे थांबले तर चालेल. गाडी अडता कामा नये.