वसंतातला बर्फ



वसंत म्हटला की आपल्याला आंब्याचा मोहोर आठवतो. आल्प्समध्ये मात्र मार्च-एप्रिल हे डोंगर सैल होण्याचे महिने. आखलेल्या घसरणवाटा सोडून, पायांना स्की बांधून मोकळ्या डोंगरात चढणारे लोक या ऋतूची वाट पाहत असतात. दिवस मोठा, ऊन प्रसन्न. आणि याच प्रसन्न उन्हात माणसे गाडली जातात. तेव्हा आज प्रश्न एवढाच घेऊ : बर्फ धरून कधी राहतो आणि सुटतो कधी?

प्रथम उतार पाहू. सौम्य उतारावरचा बर्फ सहसा सुटत नाही. अगदी उभ्या कड्यावर तो फारसा साठतच नाही. हिमस्खलनाचा उतार बहुधा 30 ते 45 अंशांचा. आणि दुर्दैव असे, की स्कीवरून उतरण्याची खरी मौज याच उतारावर.

हिवाळ्यात बर्फ थराथराने साचतो. एखादा थर साखरेसारखा सुटासुटा राहिला आणि त्यावर वाऱ्याने आणलेला घट्ट थर बसला, तर वरची लादीच्या लादी माणसाच्या भाराने सुटते. वसंतात त्यात पाण्याची भर पडते. ऊन आणि पाऊस यांनी वितळलेले पाणी आत मुरते आणि कणांची एकमेकांवरची पकड ढिली करते.

म्हणून पहाटे उठून विचारावे, रात्री आभाळ कसे होते? आभाळ निरभ्र असले तर बर्फ आपली उष्णता आकाशाकडे टाकून देतो आणि त्याचे कवच गोठून कठीण होते. ढग असले तर ते गोधडीचे काम करतात. कवच धरत नाही, धोका उजाडल्यापासूनच उभा असतो. कवच धरले तरी त्याला मुदत असते. ऊन आधी पूर्वेच्या उतारावर येते, मग दक्षिणेच्या, शेवटी पश्चिमेच्या. जाणते लोक अंधारात निघतात आणि दुपारपूर्वी खाली येतात. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले, पाय घोट्याच्या वर रुतू लागला, म्हणजे मुदत संपली. उत्तरेचे उतार मात्र सावलीत असतात; तिथे हिवाळ्याचा जुना धोका टिकून राहतो.

स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसजवळ 1936 साली बर्फाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. तिथली संस्था आज धोक्याचा अंदाज रोज जाहीर करते. 1993 पासून युरोपात त्याच्या पाच पायऱ्या आहेत. नवल असे, की तिथले जवळजवळ निम्मे बळी तिसऱ्या पायरीच्या दिवशी जातात. चौथी-पाचवी ऐकून माणूस घरी बसतो. तिसरी त्याला मधली, म्हणून बरी वाटते. शिवाय सापडलेल्यांपैकी बहुतेकांवर कोसळलेला बर्फ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सोडवलेला असतो.

गाडलेल्या माणसाचे आयुष्य मिनिटांवर मोजले जाते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात. पुढे आशा झपाट्याने ओसरते. खालच्या गावातून मदत येईपर्यंत ती वेळ निघून जाते. म्हणून संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाजवळ हवे, आणि वापरण्याचा सरावही हवा.

हा विषय आपल्याला परका नाही. दाव्होसच्या संस्थेत काम केलेले आंद्रे रोश 1947 साली गढवाल हिमालयात आले होते. आज महाराष्ट्रातली मुले स्की शिकायला गुलमर्गला जातात. गुलमर्ग दाव्होसपेक्षा बरेच दक्षिणेला. तिथे वसंताचे ऊन अधिक चढे, त्यामुळे मुदत आणखी आखूड.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आठ जण दूरवरून, पैसे खर्चून आलेले असतात. मागे फिरू या, असे म्हणणे जड जाते. म्हणून परतीची वेळ खालीच, निघण्यापूर्वी ठरवावी, आणि सर्वांत नवख्या माणसालाही ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार द्यावा. शिखर पुढच्या वर्षीही तिथेच असते.