गिरणगाव, कॅमेरा आणि शाळेची मुले



आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, जुन्या संपांची पत्रके वाचून. तेव्हा इतिहासावर व्याख्यान देण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या नववीच्या मुलांना मुंबईचे गिरणगाव हिंडून दाखविण्याचे काम आमच्याकडे आले होते, त्याची हकीकत सांगतो.

सहल म्हणजे भेळ आणि भेंड्या, ही जुनी रीत. या वर्गाच्या बाईंनी मात्र चार-चार मुलांमागे एक कॅमेरा दिला आणि अट घातली : दहाच फोटो आणायचे, आणि प्रत्येकाखाली जागा कोणती, साल कोणते आणि कुणी सांगितले, ते लिहायचे. अट आम्हांला फार पसंत पडली. कॅमेरा हाती आला की माणूस फोटो काढीत सुटतो आणि विचारायचे राहून जाते.

मुले आधी धावली ती धुराड्यांकडे. त्यांना दोष कसा द्यावा? आपणही गिरण्यांचा इतिहास तसाच सांगतो. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली, इथे आरंभ. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, इथे शेवट. मधला माणूस गायब! नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, हे आम्ही मुलांना सांगितले. त्यांची सहलही रविवारचीच होती.

एका पडक्या गिरणीचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे दिसत होते. एका मुलीने विचारले, असे का? आमच्याबरोबर एक म्हातारे विणकर होते. त्यांनी समजावले : दात्यांच्या काचा उत्तरेकडे असतात, ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. त्यात तुटलेला धागा चटकन दिसतो. फोटोलाही असाच उजेड चांगला, हे मुलीला ठाऊक होते. तिने खूश होऊन फोटो टिपला.

तेव्हा विणकरबुवा म्हणाले, "पोरी, त्या उजेडात सगळ्यांना जागा नव्हती."

धोट्यातले सूत संपले की नव्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात शिरूच देत नसत. आणि जास्त कमाई नेमकी त्याच खात्यात! वाट अडविणारे नुसते मालक नव्हते. शेजारी उभे राहून राबणारे कामगारही होते. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. आमच्या चळवळीतले पुष्कळ वक्ते भाषणात एवढा भाग गिळतात. विणकरबुवांनी गिळला नाही. त्यांनी तो वडिलांकडून ऐकला होता.

मुलीने हे सगळे फोटोखाली लिहिले. शाळेत फोटो भिंतीवर लागले, तेव्हा एक पालक म्हणाले, "छप्पर राहू द्या, खालचा मजकूर तेवढा काढा; मुलांना जातपात कशाला?" बाईंनी मजकूर ठेवला. त्यावरून पुढे दोन सभा झाल्या आणि पालकांचा राग अजून गेलेला नाही.

इथे शिक्षक मंडळी बसली आहेत. आपल्या गावात बंद पडलेले एखादे जिन असेल, हातमागांची एखादी आळी असेल. मुलांना घेऊन जाताना तिथे राबलेले एक माणूस बरोबर घ्या. त्याला उन्हात फार उभे करू नका. आधी चहा पाजा, मग विचारा.