नोकरी कीं मातृपद?

सुशिक्षित घरांतील मुलगी पदवी घेऊन नोकरीस लागली, पुढें तिचें लग्न झालें आणि वर्ष-दोन वर्षांत घरांत पाळणा हालण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं, कीं एक प्रश्न हमखास निघतो: आतां नोकरीचें काय? विचारणारे बहुधा तिचे हितचिंतकच असतात. निर्णय सर्वस्वीं तिचा आहे, नोकरी ठेवावी कीं सोडावी हें तिनेंच ठरवावें, असेंहि ते वर सांगतात. ह्या बोलण्यांत सौजन्य आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्याच घरांत, त्याच दिवशीं, बाप होऊं घातलेल्या मुलास हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. त्याच्याकडे पेढे मागतात. दोघांपुढें ठेवली तर तिला निवड म्हणावें. एकाच्याच पुढें ठेवली जाते तिला दुसरें कांहीं नांव शोधावें लागेल.

स्त्रियांच्या स्वभावांतूनच हा पेंच उपजला आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. नोकरीच्या नियमांचीं जुनीं पुस्तकें उघडून पाहिलीं तर निराळेंच दिसतें. हा पेंच नियमानें घातलेला होता, छापलेला होता, आणि त्याखालीं अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. इंग्लंडांत मुलकी नोकरींतील स्त्रीनें लग्न केलें कीं तिनें जागा सोडावी, हा नियम १९४६ सालापर्यंत चालला. त्या देशाच्या परराष्ट्र खात्यांत तो १९७३ पर्यंत टिकला. आयर्लंडांतहि सरकारी नोकरींतील असा नियम १९७३ सालींच उठला. शिक्षिकांची गत वेगळी नव्हती. इंग्लंडांत विवाहित शिक्षिकांवरील बंदी १९४४ च्या शिक्षण कायद्यानें गेली. दुसऱ्यांचीं मुलें वळविण्यास जी लायक, ती स्वतःच्या संसाराच्या उंबरठ्यावर येतांच नालायक ठरते, असा तो तर्क होता. ज्यानें शाळा जवळून पाहिली आहे त्याला तो नेमका उलटा वाटेल.

भारतांतील सर्वांत बोलकें उदाहरण कुमारी चोनिरा बेळियप्पा मुथम्मा यांचें आहे. कोडगू प्रांतांतील विराजपेठ येथें १९२४ सालीं त्यांचा जन्म झाला. लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री, आणि १९४९ सालीं परराष्ट्र सेवेंत दाखल झालेल्याहि पहिल्याच. दाखल होतांना त्यांच्याकडून लिहून घेण्यांत आलें कीं, लग्न केल्यास आपण राजीनामा देऊं. त्यांच्या बरोबरीनें परीक्षा देऊन आलेल्या तरुणांकडून असें कांहीं लिहून घेण्याचें सरकारला अर्थातच सुचलें नाहीं. पुढें १९६१ च्या नियमांत ही गोष्ट सविस्तर नमूद झाली: सेवेंतील स्त्रीनें लग्नापूर्वीं सरकारची लेखी परवानगी घ्यावी, लग्नानंतर घरगुती जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असें सरकारला वाटल्यास तिला केव्हांहि राजीनामा देण्यास सांगतां येईल, आणि विवाहित स्त्रीस ह्या सेवेंत नेमणूक मिळण्याचा हक्कच राहणार नाहीं. राज्यघटना लागू होऊन तोंवर अकरा वर्षें झालीं होतीं. स्त्री-पुरुष असा भेद करून कोणास सरकारी नोकरी नाकारतां येणार नाहीं, असें तिच्या सोळाव्या कलमांत स्पष्ट लिहिलें होतें.

मुथम्मा १९७० सालीं हंगेरींत राजदूत झाल्या. तो मानहि भारतीय सेवेंतील स्त्रीस प्रथमच मिळाला. परंतु त्यापुढची बढती त्यांना नाकारली गेली, तेव्हां त्या थेट सर्वोच्च न्यायालयांत गेल्या. १७ सप्टेंबर १९७९ रोजीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं निकाल दिला. दरम्यान सरकारनें घाईघाईनें त्यांना बढती दिली होती आणि नियम काढून टाकीत असल्याचें सांगितलें होतें. त्यामुळें अर्ज औपचारिकपणें निकालांत निघाला. निकालपत्रांत मात्र सरकारची पुरती कानउघाडणी झाली. कुटुंबाच्या जबाबदाऱ्या स्त्रीच्या कामाच्या आड येत असतील तर त्या पुरुषाच्याहि आड येऊं शकतात, मग नियम एकीलाच कां, हा न्यायमूर्तींचा प्रश्न होता आणि त्याला सरकारपाशीं उत्तर नव्हतें. मुथम्मांनीं लग्न केलें नाहीं. तें त्या कागदामुळें कीं स्वतःच्या इच्छेनें, याची चौकशी करण्याचा अधिकार इतरांना नाहीं. पण सही घेऊन एक वाट अगोदर बंद केल्यावर उरलेल्या वाटेस निवड म्हणणें हें शब्दाचें हाल करणें होय.

दुसरें प्रकरण विमानांतील सेविकांचें. वर्तमानपत्रें त्यांना हवाई सुंदरी म्हणत. त्या नांवांतच अर्धा नियम आलेला होता. एअर इंडियाच्या नियमावलींत असें होतें कीं, अशा सेविकेनें वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास लग्न होतांच, किंवा पहिल्या गरोदरपणीं, यांपैकीं जें अगोदर घडेल तेव्हां निवृत्त व्हावें. व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी असल्यास मुदत पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत वाढे. त्याच विमानांत काम करणारे पुरुष अठ्ठावन वर्षांपर्यंत नोकरींत राहत. नर्गेश मिर्झा व त्यांच्या सहकारिणींनीं ह्याविरुद्ध दाद मागितली आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गरोदरपणाचें कलम रद्द केलें. नोकरींत घेऊन, चार वर्षें राबवून, लग्नास मोकळीक देऊन, मग मूल होणार म्हणून घालवून देणें हें निर्दय आहे आणि भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे, अशा अर्थाचे कडक शब्द न्यायमूर्ति फाजल अली यांनीं वापरले. संचालकांच्या निरंकुश मर्जीचें कलमहि गेलें.

मात्र ह्याच निकालानें चार वर्षांची लग्नबंदी कायम ठेवली, आणि तिच्या समर्थनार्थ कुटुंबनियोजनाचा व मुलीच्या परिपक्वतेचा दाखला दिला. पस्तीस वर्षांची मर्यादाहि योग्य ठरविली. पुरुष सेवक व स्त्री सेविका हे दोन निरनिराळे वर्गच आहेत, असें न्यायालयास वाटलें. एकाच विमानांत, त्याच प्रवाशांस ताट-पेला नेऊन देणारे दोघे निरनिराळ्या वर्गांतले कसे, हें साध्या माणसास समजणें कठीण आहे. निकालाचा हा भाग फारसा कोणी वाचीत नाहीं. गौरवाचा भाग तेवढा लक्षांत राहतो.

आतांपर्यंतचीं उदाहरणें शिकलेल्या स्त्रियांचीं झालीं. कष्टकरी स्त्रीपुढें नोकरी कीं मातृपद असा प्रश्न कधींच ठेवलेला नव्हता. तिला दोन्ही एकदम करावीं लागत. मुंबईच्या कापडगिरण्यांत वाइंडिंग व रीलिंग खात्यांत हजारों बायका काम करीत, आणि बाळंतपणांत मजुरी बुडे. मुंबई कायदे कौन्सिलांत १९२८ सालीं प्रसूतिभत्त्याचें बिल आलें तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याला पाठिंबा देतांना जें सांगितलें तें आजहि ताजें आहे. बाळंतपणाच्या आधीं व नंतर आईस विसांवा मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे. म्हणून ह्या खर्चाचा मोठा वांटा वास्तविक सरकारनें उचलला पाहिजे, आणि स्त्रीच्या श्रमावर नफा मिळवितो त्या मालकानेंहि आपला वांटा द्यावा, असें त्यांचें म्हणणें होतें. बिलाचा कायदा १९२९ सालीं झाला. हिंदुस्थानांतला अशा तऱ्हेचा तो पहिला कायदा होय.

कायद्यांत भार पडला तो मालकावर. पुढल्या वर्षांत गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण घटत गेलें. रात्रपाळीस स्त्रियांना मनाई होती, नवीं यंत्रें आलीं होतीं, हीं कारणें खरींच. पण बाई ठेवली तर भत्ता द्यावा लागतो, हा हिशेबहि मालकांच्या मनांत होता. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९१९ सालच्या पहिल्याच परिषदेंत हा भत्ता सार्वजनिक निधींतून किंवा विम्यांतून द्यावा असें ठरविलें होतें, तें उगीच नव्हे. भारतांत राज्य कामगार विमा योजनेनें १९४८ च्या कायद्यान्वयें ती वाट धरली, पण ठराविक पगाराच्या आंतील कामगारांपुरती. इतरांसाठीं १९६१ चा प्रसूति-लाभ कायदा आला. त्याची बारा आठवड्यांची रजा २०१७ सालीं पहिल्या दोन मुलांपुरती सव्वीस आठवडे झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतहि तीच मुदत ठेवली गेली. सव्वीस आठवडे ही मोठी गोष्ट आहे. परंतु त्या सर्व काळाचा पगार मालकानेंच द्यावयाचा, सरकारनें कांहीं नाहीं. छोटा व्यावसायिक मुलाखतीस आलेल्या मुलीकडे पाहून मनांतल्या मनांत काय बेरीज करीत असेल, तें सांगावयास नको. उमेदवार मुलीस तिच्या लग्नाविषयीं व मुलांविषयीं विचारले जाणारे प्रश्न त्याच बेरजेंतून येतात.

बेरीज बदलावयाची तर बापाच्या रजेकडे वळावें लागतें. केंद्र सरकारच्या नोकरींत बापास पंधरा दिवसांची रजा आहे. आईस प्रसूतीच्या रजेखेरीज संगोपनासाठीं सगळ्या नोकरींत मिळून ७३० दिवस आहेत. आईस सवलत दिली म्हणून सरकारचें कौतुक करावें, पण ह्या दोन आंकड्यांतून सरकार हेंहि सांगत असतें कीं मूल हें तिचें काम. स्वीडननें १९७४ सालीं आईची रजा मोडून आई-बापांची रजा केली. बाप ती घेत नाहींत असें दिसल्यावर १९९५ सालीं एक महिना असा राखून ठेवला कीं तो बापानें घेतला नाहीं तर बुडतो. तेव्हां बाप घरीं बसूं लागले. मायेपेक्षां बुडणाऱ्या पगाराचा परिणाम लवकर होतो, हें तेथें दिसून आलें.

भारतांत सरकारनेंच २०१९ सालीं लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. घरकामास हात लावणाऱ्यांपुरताच हिशेब धरला, तरी स्त्रीचे त्यांत दिवसाला २९९ मिनिटें जातात व पुरुषाचीं ९७. हात लावणारे पुरुष मुळांत शंभरांत सव्वीसच निघाले. नोकरी करणारी सून संध्याकाळीं दमून येते आणि पदर खोंचून ओट्याशीं उभी राहते, हें दृश्य आंकड्यांवांचूनहि प्रत्येक घरास ठाऊक आहे. तिनें नोकरी सोडली तर लोक म्हणतात, मुलाच्या ओढीनें सोडली. कित्येकदां ती मुलामुळें सोडीत नाहीं, त्या दोनशें नव्याण्णव मिनिटांमुळें सोडते.

मातृपद व विद्या यांचें मुळांतच वैर आहे, असें म्हणणाऱ्यांनीं आनंदीबाई जोशी यांची आठवण करावी. चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला आणि वैद्यकीय मदतीवांचून तो थोड्याच दिवसांत गेला. डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय त्या दुःखांतून झाला, आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियाची पदवी त्यांनीं मिळविली. आई न होण्याचा मार्ग पत्करणारींचाहि मान राखला पाहिजे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें. ते व त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनीं मूल होऊं दिलें नाहीं. त्यासाठीं त्यांनीं सोसलेली निंदा पुष्कळ होती. मूल हवें कीं नको, आणि हवें तर केव्हां, हें जिच्या हातीं नाहीं तिला पुढचे प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं, हें कर्वे यांना लोकांच्या फार आधीं कळलें होतें.

ह्या सगळ्यांत शहरी घरांतील एक व्यक्ति सहसा मोजली जात नाहीं. बाळंतपणाची रजा संपवून सुशिक्षित आई कामावर परत जाते तेव्हां घरीं मूल सांभाळावयास एक बाई येते. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या रोजंदारीच्या बायकांनाहि प्रसूतीचा लाभ मिळाला पाहिजे, असें दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ८ मार्च २००० रोजीं सांगितलें. पण दहा नोकरांहून कमी असलेल्या कचेरीस किंवा दुकानास सव्वीस आठवड्यांचा नियम लागत नाहीं, आणि एखाद्याचें घर तर कचेरीहि नव्हे. महाराष्ट्रानें २००८ सालीं घरेलू कामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यांतून नोंदणी झालेल्या बाईस थोडें अर्थसाहाय्य मिळूं शकतें, पगारी रजा मिळत नाहीं. ती कांहीं महिने आली नाहीं तर घरमालकीण दुसरी बाई पाहते. पाहावीच लागते, कारण तिला स्वतःची नोकरी टिकवावयाची असते. पन्नास नोकरांच्या कचेरींत पाळणाघर असावें असें २०१७ च्या दुरुस्तींत आहे. त्या बाईचें मूल दिवसभर कोठें असतें, हें विचारण्याची पद्धत अजून घरांघरांतून पडलेली नाहीं.