निष्काळजी की लाचार?

(अंथुर्णे येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी आज एका फौजदारी अपिलाबद्दल बोलणार आहे. कारण त्या खटल्यातला निकाल आपण रोज कट्ट्यावर बसून देतो : ‘पोराकडं आईबापाचं लक्षच नाही.’

गोष्ट इंग्लंडमधली. जानेवारी १९७९. सोळा महिन्यांचं बाळ थंडीनं आणि कुपोषणानं दगावलं. आईबाप तरुण, कमाई तुटपुंजी, समज बेताची. बाळाच्या पोटात अन्न टिकत नव्हतं. पोट बिघडलंय, होईल बरं, असं त्यांना वाटलं. डॉक्टरकडं नेलं नाही. तिथल्या १९३३ च्या कायद्यानुसार मुलाकडं जाणूनबुजून दुर्लक्ष करणं हा गुन्हा आहे. खालच्या कोर्टानं पाहिलं ते एवढंच, की शहाण्या आईबापाला धोका कळला असता का. या दोघांना तो कळला होता का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. दोघे दोषी ठरले.

अपील हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. १९८० मध्ये पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी दोघांना दोषमुक्त केलं. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘शेपर्ड’ नावानं ओळखला जातो. निकालाचं सार असं : मुलाला उपचार हवेत हे कळत असून नेलं नाही, तर गुन्हा. पर्वाच नव्हती म्हणून कळलं नाही, तरीही गुन्हा. पण ज्याला खरोखर उमगलंच नाही, त्याला जाणूनबुजून केलं असं म्हणता येत नाही. उरलेल्या दोघांना हे पटलं नाही. कायदा मुलाच्या रक्षणासाठी आहे, असं त्यांचं म्हणणं. तेही खोटं नाही. बाळ तर गेलंच होतं.

आपल्याकडं २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे. त्यातही ‘जाणूनबुजून दुर्लक्ष’ हाच शब्दप्रयोग आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि जन्मदात्यांनी हाताबाहेरच्या परिस्थितीमुळं मूल सोडलं, तर ते जाणूनबुजून नाही असं धरायचं, हेही त्यातच लिहिलंय.

आता आपल्या शिवारात या. भवानीनगरच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आईबाप पहाटेच फडात, कोपीत सात-आठ वर्षांची पोरगी तान्ह्या भावाला घेऊन बसलेली. लहानपणी मी अम्मीला म्हणालो होतो, ‘कसे आईबाप आहेत हे?’ अम्मी म्हणाली, ‘त्यांनी एक दिवस खाडा केला तर मुकादम काय करतो, ते विचारून ये आधी.’ मी गेलो नाही. अम्मी मात्र दूध घेऊन गेली.

पण लाचारीची ढाल सगळ्यांना मिळत नाही. आपल्यातही असे बाप आहेत. तलाक झाला, दुसरं घर थाटलं, हातात नवा मोबाईल, आणि पहिल्या लेकरांच्या फीला पैसे नाहीत. याला कळत नाही असं नाही, याला पर्वा नाही. मुस्लिम मुलांनाही बापाकडून पोटगी मागण्याचा हक्क कलम १२५ खाली आहे, असं सुप्रीम कोर्टानं १९९७ मध्येच सांगितलंय. आता ते कलम नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय. मोहल्ल्यात अशा बापाला मान देऊन पुढं बसवायचं आणि कोपीतल्या बाईला नावं ठेवायची, हा उलटा न्याय आपण थांबवू या.

कोर्ट येतं ते सगळं घडून गेल्यावर. त्याआधी शेजारी असतो. पोर सुकत चाललेलं दिसलं तर आशाताईंना सांगा, दवाखान्यात सोबत जा. जिवाला धोका वाटला तर १०९८ ला फोन करा. मूल अमानत आहे, असं आपण म्हणतो. ती अमानत डोळ्यांसमोर असूनही आपण गप्प बसलो, तर आपल्याला कळलं नव्हतं असं म्हणता येईल का?