आपल्या बोलीला आकाशात जागा हवी

(लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



मराठी प्रसारणाचे भवितव्य हा विषय निघाला, की बहुतेकांच्या मुखातून एकच उत्तर येते, 'मराठीला कसली चिंता?' वरवर पाहता ते खरेही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' आणि २००० मध्ये 'ई टीव्ही मराठी' या खाजगी वाहिन्या आल्या, त्यानंतर वृत्तवाहिन्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही लाभला. मग चिंता कसली?

चिंता आहे ती मुंबई-पुण्याच्या मराठीची नव्हे. किनवट, देगलूर, उदगीर, निलंगा येथील माणसाचे प्रश्न त्याच्या शब्दांत त्याच्या कानी पडणार की नाही, ही खरी चिंता आहे.

मराठवाड्याला याचे महत्त्व पुस्तकातून शिकावे लागत नाही. निजामी राजवटीत शासनाची भाषा आपली नव्हती, उच्च शिक्षणाची नव्हती आणि सरकारी 'डेक्कन रेडिओ'वरही प्राधान्य उर्दूला होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची शरणागती याच नभोवाणीवरून जाहीर झाली. एप्रिल १९५० मध्ये हे केंद्र आकाशवाणीकडे आले. पुढे १९६८ मध्ये परभणी केंद्र सुरू झाले आणि शेतकऱ्याला बी-बियाणे, कीड, पाऊसपाणी यांविषयी स्वभाषेत ऐकावयास मिळू लागले. १९९१ मध्ये नांदेडला स्थानिक केंद्र मिळाले. केवळ भाषेला नव्हे, तर जिल्ह्याला आवाज मिळावा, हाच अशा केंद्रांमागील विचार होता.

तो विचार आज टिकून आहे काय? काटकसरीचे धोरण आखताना पहिली कुऱ्हाड छोट्या केंद्रावर पडते. केंद्र बंद होत नाही, ते फक्त दुसऱ्याचे कार्यक्रम पुढे पाठविणारे यंत्र बनते. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्त विभाग बंद करून त्याची बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरकडे सोपविण्याचा निर्णय झाला होता. पुण्यातून विरोधाचा सूर उमटताच त्याला स्थगिती मिळाली. पुण्याजवळ बोलणारी माणसे होती. उद्या असाच प्रसंग नांदेडवर आला, तर बोलणार कोण?

युरोपातील काही उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात वेल्श बोलणारे सुमारे पाच लाख. स्वतंत्र वाहिनीचे आश्वासन सरकारने फिरविले, तेव्हा १९८० मध्ये ग्विनफोर इव्हान्स या ज्येष्ठ नेत्याने आमरण उपोषणाची घोषणा केली. सरकार नमले आणि १९८२ मध्ये वाहिनी सुरू झाली. आयर्लंडने आयरिश भाषेसाठी १९७२ मध्ये नभोवाणी आणि १९९६ मध्ये दूरचित्रवाणी उभी केली. स्कॉटलंडमध्ये २०११ च्या गणनेत गेलिक भाषिक अवघे ५७ हजारांच्या घरात होते, तरी त्यांच्यासाठी २००८ पासून 'बीबीसी अल्बा' ही वाहिनी चालते. एखाद्या तालुक्यात मावतील इतक्या लोकांना जे मिळाले, ते संख्येच्या बळावर मिळालेले नाही. भाषेविषयीच्या जागरूकतेतून मिळाले. आपण मात्र कोटींच्या आकड्यावर विसंबून निवांत आहोत.

स्थानिक प्रसारण ही हौस नव्हे, गरज आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. देशभरच्या वाहिन्यांनी ती गाडी दाखविली. परंतु कोणत्या प्रभागात टँकर केव्हा येणार, हे लातूरच्या गृहिणीला दिल्लीची वाहिनी सांगणार नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावे पाण्याखाली गेली. अशा रात्री वीज जाते, मोबाईलचे मनोरे बंद पडतात. तेव्हा बॅटरीवर चालणारा रेडिओ उपयोगी पडतो. मात्र जवळच्या केंद्रात बोलणारा माणूस जागा असेल, तरच!

यावर कोणी म्हणेल, आता रेडिओ ऐकतो कोण? तरुण पिढी मोबाईलमध्ये रमली आहे, हे मान्यच. परंतु मोबाईलवरही ऐकण्याजोगे काही कोणीतरी निर्माण करावेच लागते. कंधारचा शाहीर, माहूरच्या वाटेवरील गोंधळी, जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी, तांड्यावरील लेंगी गीते यांचे ध्वनिमुद्रण करण्यास मुंबईहून कोणी येणार नाही.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, हक्क ओळखणे. देशाच्या विविध प्रदेशांतील भाषा व संस्कृतींना पुरेसे स्थान देणे हे प्रसार भारतीचे कर्तव्य असल्याचे १९९० च्या कायद्यातच नमूद आहे. नांदेड केंद्राच्या स्थानिक कार्यक्रमांचा आग्रह धरणे म्हणजे याचना नव्हे. दुसरी गोष्ट, ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील २३४ शहरांसाठी नव्या खाजगी एफ.एम. वाहिन्यांना मंजुरी दिली. त्यांत लातूर आणि उदगीरही आहेत. मातृभाषेतील स्थानिक आशयाला चालना मिळावी, हा त्यामागील घोषित हेतू आहे. उद्या या वाहिन्या सुरू होऊन दिवसभर केवळ हिंदी चित्रपटगीतेच वाजवू लागल्या, तर श्रोत्यांनी आणि जाहिरात देणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यांना या हेतूचे स्मरण करून द्यावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २००६ च्या धोरणानुसार सेवाभावी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ केंद्र चालविता येते आणि त्यावरील निम्मे कार्यक्रम स्थानिकच असावे लागतात. शिक्षणासाठी नावाजलेल्या लातुरात आणि विद्यापीठ असलेल्या नांदेडमध्ये संस्थांची वाण नाही. उणीव आहे ती संकल्पाची.

सरकार परवाना देईल, मनोरा उभारील. त्या मनोऱ्यावरून काय बोलायचे, हे मात्र समाजालाच ठरवावे लागेल. आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने महिन्यातून एक पत्र आपल्या केंद्राला लिहावे. काय आवडले, काय हवे, ते कळवावे. ज्या केंद्राला श्रोत्यांची पत्रे येतात, ते बंद करताना अधिकाऱ्याला दहादा विचार करावा लागतो. आरंभ एवढ्यापासून होऊ शकतो आणि तो आपल्याच हाती आहे.